रिकामा स्ट्रोक : डॉलरच्या नाण्यांवरचे डाय क्लॅश

उद्यमनगरी (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, पण आधी थोडं सविस्तर सांगतो, म्हणजे प्रश्न नीट कळेल.

गेले चार महिने दर शनिवारी बँकेतून एक डॉलरच्या नाण्यांचे दोन रोल आणतो. एका रोलमध्ये २५ नाणी. टेबलावर मऊ कापड अंथरायचं, दिवा एका बाजूने अगदी खाली आणायचा, १० पटीचं भिंग डोळ्याला लावायचं आणि एकेक नाणं हळूहळू फिरवत बघायचं. बघून झालेली नाणी दुसऱ्या बँकेत भरतो, नाहीतर तीच पुढच्या आठवड्यात परत माझ्याच हातात येतील.

हे सुरू झालं ते न्यू जर्सी ट्रान्झिटच्या तिकीट यंत्रापासून. वीसची नोट घातली तर सुटे म्हणून पिवळीधमक नाणी खळखळत पडली. अमेरिकेत राहणाऱ्यांना माहीत आहे, इथे व्यवहारात एक डॉलरची नोटच चालते. नाणं कोणी देत नाही, दिलं तर घेणारा दोनदा उलटून बघतो. पण ही नाणी आहेत मात्र ढिगाने. १९७१ ते ७८ मोठा आयसेनहॉवर डॉलर, १९७९ पासून सुझन अँथनी, २००० पासून पाठीवर बाळ घेतलेली सकागविया, २००७ पासून एकामागून एक राष्ट्राध्यक्ष, २०१८ पासून शोधांची नाणी, त्यात २०१९ पासून दरवर्षी चार राज्यांची. आमच्या न्यू जर्सीच्या वाट्याला २०१९ मध्ये विजेचा दिवा आला. ज्या गावात राहतो त्याचं नावच एडिसन, त्यामुळे ते नाणं मी विकत घेऊन ठेवलंय. लोक नाणी वापरेनात, सरकारी तिजोऱ्यांत १४० कोटींच्या आसपास साठून राहिली, तेव्हा डिसेंबर २०११ मध्ये चलनासाठी पाडणं थांबवलं. त्यानंतरची सगळी संग्राहकांसाठी. बँकेतून आज जे रोल मिळतात त्यात बराचसा तो साठाच असतो, कधीच न वापरलेली, कोरी नाणी. आपल्यासारख्याला याहून चांगलं काय हवं?

आता डाय क्लॅश. हा शब्द मी नेटवर वाचला होता, चित्रंही पाहिली होती, पण डोक्यात बसत नव्हता. बाबा सध्या सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांनी कोल्हापुरात उद्यमनगरात तीस वर्षं पॉवर प्रेसवर काम केलं. मी भिंगातून बघत बसलेला पाहून त्यांनी विचारलं, काय शोधतोस? म्हटलं, टांकसाळीत दोन ठशांच्या मध्ये धातूची चकती येते आणि दाबली जाते. एखाद्या वेळी चकती आलीच नाही तर दोन ठसे एकमेकांवर आपटतात, त्याची खूण शोधतोय. ते लगेच म्हणाले, "हां, म्हणजे रिकामा स्ट्रोक! पट्टी सरकली न्हाई तरी पंच खाली येतोच की. वरचं खालच्यावर बसलं की दोघांच्या तोंडाला खूण. मग पुढचा समदा माल तीच खूण घेऊन भाईर पडतो."

दोन वाक्यांत संपलं. पुढे त्यांनीच कागदावर काढून दाखवलं की खूण कुठे उमटणार. ठशात चित्र खोलगट असतं, आणि नाण्यावरची जी मोकळी सपाट जागा, ती ठशात सगळ्यात उंच. दोन ठसे भिडतात ते या उंच सपाट भागांनी. त्यामुळे समोरच्या चेहऱ्याचं नाक, गाल कधी उमटणार नाहीत, ते खड्ड्यात आहेत. उमटेल ती चित्राची बाहेरची कड, आणि तीही मोकळ्या जागेत. मी आतापर्यंत गरुडाच्या पंखांवर आणि चेहऱ्यांवर खुणा शोधत होतो. चार महिने चुकीच्या ठिकाणी बघितलं.

परवाच्या रोलमध्ये २००७ चा जेफरसन मिळाला. काट्याच्या बाजूला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आहे. तिच्या वर उचललेल्या हाताजवळच्या मोकळ्या जागेत एक बारीक वळणदार रेघ आहे, जी मुळात तिथे असायला नको. छाप्याचा फोटो मोबाइलवर आरशातल्यासारखा उलटा केला, अर्धा पारदर्शक करून काट्याच्या फोटोवर ठेवला. रेघ कशाशीच जुळत नाही. मग हा नुसता ओरखडा म्हणायचा का? बाबा म्हणतात ओरखडा नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

सोनचाफा (फ्रीमाँट)

किती छान लिहिलंय! बाबांचा रिकामा स्ट्रोक वाचून एकदम कळलं. माझा मुलगा नववीत आहे, त्याला नाण्यांचा नाद आहे आणि आता मलाही लागलाय. आम्ही मोबाइलला लावायचं छोटं मॅक्रो भिंग वापरतो. एक सांगते, दिवा स्थिर ठेवून नाणं फिरवलं की खुणा चटकन दिसतात. डोक्यावरचा पांढरा दिवा असेल तर काहीच दिसत नाही, सगळं सपाट वाटतं.

तुमच्या रेघेबद्दल मला सांगता येणार नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

डोंबिवलीकर

एक साधा प्रश्न. असं नाणं मिळालं तर किती मिळतात?

---

भिंगवाला (शिकागो)

उद्यमनगरी, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. हे काम मी पंधरा वर्षं करतोय, पण सपाट भाग सपाट भागाला भिडतो ही गोष्ट इतक्या सोप्या शब्दांत मला कोणी सांगितली नव्हती.

आधी तुमची रेघ. नखाने किंवा कशानेही पडलेला ओरखडा धातूत खोल जातो आणि त्याच्या कडेला बाजूला सरकलेला धातू दिसतो. ठशातून आलेली खूण तशी नसते. नाणं फिरवताना बाकीच्या पृष्ठभागावरची चमक त्या रेघेवरूनही सलग वाहत जाते. हे आधी बघा.

दुसरं, फोटो नेमका कसा उलटा केलात? आरशातल्यासारखा म्हणजे डावं-उजवं बदललं असेल, तर जुळणार नाही. आपण भारतातून आलेले लोक इथे हमखास अडकतो. रुपयाचं नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं बाजूने फिरवलं की मागचं चित्र सरळ दिसतं. अमेरिकन नाणं तसं फिरवून बघा, मागचं चित्र डोक्यावर उभं राहतं. ते सरळ दिसायला नाणं वरून खाली फिरवावं लागतं, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटतो तसं. म्हणजे छाप्याचा वरचा भाग काट्याच्या खालच्या भागाच्या पाठीला असतो. तेव्हा फोटो वर-खाली उलटा करा, डावं-उजवं तसंच राहू द्या, दोन्हींची किनार बरोबर जुळवा आणि मग बघा.

जेफरसनचे खांदे छाप्यात खाली आहेत. ते काट्यात वर, म्हणजे मशालीच्या हाताच्या आसपास यायला हवेत. तुमची रेघ तिथेच आहे. मला बरंच काही वाटतंय, पण ताडून बघितल्याशिवाय बोलत नाही.

डोंबिवलीकर, पुसट क्लॅशला दर्शनी किमतीपेक्षा फार काही मिळत नाही. ठळक, लांबून दिसणारा असेल आणि आवड असणारा माणूस भेटला तर थोडे जास्त. पैशासाठी शोधायचं तर दुसऱ्या गोष्टी आहेत, रात्री सविस्तर लिहितो.

---

शिवराईप्रेमी (सातारा)

भिंगवाला यांचं वाचून लगेच खिशातलं पाच रुपयाचं नाणं काढलं. पान उलटल्यासारखं फिरवलं, अगदी बरोबर, दोन्ही बाजू सरळ. इतकी वर्षं नाणी जमवतो, पण असं का याचा विचार केला नव्हता.

आमच्याकडे शिवराईच्या बाबतीत असंच बारकाईने बघावं लागतं. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, पण ठसे हाताने कोरलेले असल्यामुळे अक्षरांची वळणं वेगळी, बिंदूंची रांग वेगळी. ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे एका नाण्यावर अर्धीच अक्षरं येतात. चार नाणी शेजारी ठेवून पूर्ण ठसा मनात जुळवावा लागतो. तुमच्या यंत्रातल्या नाण्यांमध्येही ठसा ओळखायचीच धडपड आहे, हे वाचून बरं वाटलं.

आपल्या रुपयावर सालाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, नुसता ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. डॉलरवर असं काही असतं का?

---

भिंगवाला

असतं. पी म्हणजे फिलाडेल्फिया, डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. पण राष्ट्राध्यक्षांच्या नाण्यांवर आणि २००९ पासूनच्या सकागवियावर हे अक्षर आणि साल दोन्ही नाण्याच्या कडेवर गेलं, छाप्यावर शोधून सापडायचं नाही.

यातूनच या मालिकेतली सगळ्यात गाजलेली चूक झाली. चित्र पाडून झाल्यावर कडेवरची अक्षरं दुसऱ्या यंत्रात उमटवली जात. २००७ च्या फेब्रुवारीत पहिला जॉर्ज वॉशिंग्टन बाहेर आला तेव्हा कित्येक नाणी त्या यंत्रात गेलीच नव्हती. कड कोरी करकरीत. देवावरच्या विश्वासाचं वाक्यही तेव्हा कडेवरच होतं, त्यामुळे वर्तमानपत्रांनी त्यांना देव नसलेले डॉलर म्हटलं. २००९ पासून ते वाक्य परत छाप्यावर आणलं. २००७ च्याच जॉन अॅडम्सवर उलट प्रकार आहे, कडेवरची अक्षरं दोनदा उमटलेली. रोल फोडल्यावर आधी कडा बघा, एका मिनिटाचं काम आहे. कोऱ्या कडेचा वॉशिंग्टन अजूनही मिळू शकतो.

मात्र कडेवरची अक्षरं काही नाण्यांवर सुलटी, काहींवर उलटी दिसतात, त्याला काही अर्थ नाही. नाणं त्या यंत्रात कसंही पडायचं. नेटवर यालाच दुर्मीळ म्हणून विकणारे आहेत, त्यांच्यापासून सावध राहा.

आणखी दोन सांगतो. सुझन अँथनीच्या १९७९ च्या पी अक्षराच्या काही नाण्यांवर किनार रुंद आहे, म्हणून साल किनारीच्या अगदी जवळ आलंय. दोन नाणी शेजारी ठेवली की लगेच कळतं. २००० च्या सकागवियावर काट्याच्या गरुडाच्या अंगातून आरपार उंच रेघा गेलेल्या दिसल्या तर ते जखमी गरुडाचं नाणं, ठशालाच ओरखडे पडले होते. याला चांगली किंमत येते. आयसेनहॉवर बँकेत क्वचित मिळतो, टेलरला, म्हणजे खिडकीवरच्या कॅशिअरला, विचारून ठेवा, कधीकधी ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. १९७२ च्या फिलाडेल्फियाच्या आयसेनहॉवरचे तीन प्रकार आहेत. काट्यावर पृथ्वी आहे, तिच्यात फ्लोरिडाखालची बेटं कशी दिसतात त्यावरून ओळखायचे. दुसरा प्रकार कमी सापडतो.

आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे २००० सालची. छाप्याला वॉशिंग्टनचं डोकं असलेला पाव डॉलरचा ठसा आणि काट्याला सकागवियाचा गरुड, तेही डॉलरच्या पिवळ्या चकतीवर. आर्कान्सामध्ये एकाला कोऱ्या रोलमध्ये मिळालं. अशा नाण्याला एक लाख डॉलरच्या पुढे किंमत आलेली आहे. डोंबिवलीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं.

---

डोंबिवलीकर

आलं! भावाला ह्यूस्टनला फोन करतो.

---

पाऊलवाट

मी ऑफिसच्या कामासाठी क्विटोला तीन महिने होतो. इक्वेडोरमध्ये २००० पासून अमेरिकन डॉलरच चालतो, आणि तिथे हीच सकागवियाची नाणी भाजीवाल्यापासून बसपर्यंत सर्रास. अमेरिकेत ज्यांना कोणी विचारत नाही ती तिथे घासून घासून तपकिरी झालेली. त्यांच्यावर क्लॅश शोधता येईल का?

---

भिंगवाला

अवघड आहे. ही खूण उथळ असते, थोडी झीज झाली की जाते. तपकिरी रंगाबद्दलही सांगतो. आत शुद्ध तांबं आणि वर मँगनीज असलेल्या पितळेचा थर, तो हाताळून काळवंडतोच. अशा नाण्याला चुकीच्या धातूचं समजून लोक धावत येतात. वजन करा, ८.१ ग्रॅम भरलं तर नेहमीचंच आहे.

---

सोनचाफा

मुलाने २००९ च्या एका नाण्यावर अक्षरं दुहेरी दिसतात म्हणून उड्या मारल्या. फोटो टाकलाय. डबल्ड डाय, म्हणजे ठशावरच अक्षरं दुहेरी उमटलेली, असं आहे का हे?

---

भिंगवाला

फोटो पाहिला. ताई, हे यंत्रामुळे झालेलं दुहेरीपण आहे. दाब पडल्यावर ठसा किंचित सरकला की अक्षराची कड खरवडली जाते, पायरीसारखी सपाट आणि चकचकीत. अक्षर मुळापेक्षा बारीक दिसतं, कारण त्याचाच धातू सरकलाय. खऱ्या डबल्ड डायमध्ये दुसरं अक्षर गोलसर, उंच, स्वतःच्या जाडीचं असतं आणि टोकांना खाच फाटलेली दिसते. आधुनिक ठसे एकाच दाबात तयार होतात, त्यामुळे आता असं दुहेरीपण बहुतेक नाण्याच्या मध्याजवळ आणि अगदी छोटं सापडतं. मुलाला म्हणावं, ते नाणं ठेवून दे. पुढे खरं सापडेल तेव्हा शेजारी ठेवायला लागेल.

---

सोनचाफा

सांगितलं. थोडा हिरमुसला, पण खाच फाटलेली म्हणजे कशी हे भिंगातून समजून घेतलं आणि आता आयसेनहॉवर हवाय म्हणून मागे लागलाय.

---

कातळशिल्प (रत्नागिरी)

मला एक शंका आहे. आजच्या यंत्रांत चकती आली नाही तर ते आपोआप थांबत नाही का? मग क्लॅश होतातच कसे?

---

उद्यमनगरी

हा प्रश्न मी बाबांना वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं असं : सेन्सर असला तरी यंत्राला वेग असतो. खाली येऊ लागलेला पंच मधेच थबकत नाही, एखादा ठोका बसतोच. जुन्या प्रेसवर माणसाच्या लक्षात येईपर्यंत दहा बसायचे, आता एक बसतो. म्हणून आताच्या नाण्यांवरची खूण जुन्यांपेक्षा फिकी असणार.

---

भिंगवाला

अगदी तसंच आहे. जुन्या काळी तर याहून गमतीचे प्रकार झालेत. १८५७ च्या एका सेंटवर वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्याच्या ठशाची खूण आहे. दोन वेगळ्याच नाण्यांचे ठसे एका यंत्रात भिडले होते, हे त्या सेंटवरून कळतं.

क्लॅश लक्षात आला की टांकसाळीतले लोक ठसा घासून खूण काढायचा प्रयत्न करतात. मग नाण्यावर बारीक समांतर रेघा येतात आणि चित्राचे उथळ भाग पुसट होतात. त्यामुळे एकाच ठशाची नाणी क्लॅशच्या आधीची, लगेच नंतरची आणि घासल्यानंतरची अशा तीन अवस्थांत सापडू शकतात. आयसेनहॉवरवर ज्याला संग्राहक टॅलन हेड म्हणतात, डोक्याच्या मागच्या बाजूला गरुडाच्या पंजाची खूण, तो याच जातीचा क्लॅश. गरुडाचे पंजे काट्यात खाली, म्हणून छाप्यात वर येतात. आता तुम्हाला हे सांगायला नको.

उद्यमनगरी, फोटोचं काय झालं?

---

उद्यमनगरी

उशीर झाला, माफ करा. काल रात्री बसलो.

फोटो वर-खाली उलटा केला. किनारी जुळवायला वेळ लागला, कारण पहिले दोन फोटो तिरके आले होते. तिसऱ्या वेळी मोबाइल वह्यांच्या थप्पीवर आडवा ठेवून नाण्याच्या बरोबर वर आणला. आणि रेघ बसली. जेफरसनच्या कोटाच्या खांद्याची कड, सुरुवातीपासून वळण संपेपर्यंत, त्या रेघेवरून जाते. चमक पण सलग आहे, कडेला सरकलेला धातू नाही. फोटो खाली देतोय.

त्यानंतर झोप कुठली! त्या दिवशीचे दोन्ही रोल अजून बँकेत भरायचे राहिले होते. कोऱ्या रोलमध्ये एकाच यंत्रातली नाणी शेजारीशेजारी येऊ शकतात हे डोक्यात आलं, म्हणून उरलेली ४९ पुन्हा काढली. या वेळी फक्त एकच जागा बघायची होती, त्यामुळे काम भरभर झालं. आणखी तीन नाण्यांवर तीच रेघ, त्याच जागी. आधी ती माझ्या नजरेसमोरून तशीच निघून गेली होती.

बाबा दीड वाजेपर्यंत जागे होते. त्यांनी चारही नाणी दिव्याखाली ओळीने लावली. डावीकडे सगळ्यात ठळक रेघेचं, मग थोडं कमी, मग आणखी कमी. चौथ्यावर रेघ जेमतेम दिसते आणि तिच्याभोवती बारीक समांतर घासल्याच्या खुणा आहेत. त्या चौथ्या नाण्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हितं त्यानं पॉलिश मारलंय बघ. आमच्यातबी असंच करायचो."

---

शिवराईप्रेमी

वा! चौघांचे फोटो एकत्र टाका, ओळीने लावलेले. तुमच्या वडिलांनी लावलेत त्याच क्रमाने.

---

भिंगवाला

अभिनंदन. फोटो बघितले, क्लॅशच आहे, शंका नाही. चारही नाणी वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा, पाकिटावर बँकेच्या शाखेचं नाव, तारीख आणि क्रम लिहा. पुसू नका, धुऊ नका. त्याच शाखेत त्या खोक्यातले आणखी रोल शिल्लक आहेत का विचारा. एका खोक्यात ४० रोल असतात, बाकीचे कुठे गेले ते टेलर सांगू शकेल.

तुमच्याकडे घासण्याच्या आधीचं आणि नंतरचं आहे. क्लॅश होण्याच्या आधीचं, त्याच ठशाचं, मिळतंय का बघा. ते ओळखायला पुतळ्याजवळच्या एखाद्या वेगळ्या बारीक खुणेचा आधार घ्यावा लागेल.

---

उद्यमनगरी

आज दुपारी शाखेत जाऊन आलो. सहा रोल शिल्लक होते, सगळे घेतले. बाबांनी जेवायच्या आधीच टेबल मोकळं करून कापड अंथरलंय. त्यांच्यासाठी दुसरं भिंग मागवलं होतं, तेही आज आलं. तीन रोल ते बघणार, तीन मी.